हणमंतप्पांचा खांदा

हणमंतप्पा आडत्यांना भारदस्त मिशा होत्या. त्या मीच काढलेल्या असल्यामुळं खात्रीनं सांगतो. त्या मिशांच्या खाली, पांढऱ्या अंगरख्यात, गेल्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला मला माझी बायको दिसली. तिला जाऊन तीन वर्षं झाली, हणमंतप्पांना सहा. दोघांची एकमेकांशी ओळखसुद्धा नव्हती. अशा गोष्टी कुणाला सांगायच्या नसतात हे मला कळतं. मी ड्रॉइंगचा मास्तर आहे. ड्रॉइंगच्या मास्तराला गाव आधीच अर्धवट समजत असतं, उरलेलं अर्धं आपण होऊन पुरवू नये.

झालं ते एवढंच. हणमंतप्पांचा मुलगा सोमलिंग शाळेच्या फाटकाशी भेटला आणि म्हणाला, अप्पांच्या तसबिरीला कसर लागलीय, एक कोपरा खाल्लाय, आईनं घोर घेतलाय, तेवढं बघून जा. गेलो. माझंच काम, त्रेचाळीस सालचं. धाराशिवातल्या कुठल्याही चांगल्या घरात गेलो की भिंतीवरून माझं एखादं काम माझ्याकडं बघत असतं, त्याची आता सवय झाली आहे. तसबीर खिळ्यावरून उतरवली, उंबऱ्यापाशी उजेडाला नेली, मागची फळी सोडवली आणि कागद अलगद ओढला. तो हातात आला उलटा. पटका खाली, मांडी वर. उलट्या चित्रात माणूस राहत नाही. मिशा म्हणजे गवताच्या दोन काड्या होतात, डोळे म्हणजे दोन डाग, नाक कुणाचंही. राहते ती रेघ. उजव्या कानाच्या पाळीपासून निघालेली, ताणलेल्या मानेवरून उतरून खांद्यावर जरा थबकलेली, आणि मग काहीतरी ठरवल्यासारखी कोपराकडं गेलेली एक रेघ. तिचा खांदा. माझ्या शिवगंगेचा. कागद मी जरा जास्तच घट्ट धरला असावा, कारण आत तूर निवडत बसलेल्या गौराबाई, म्हणजे हणमंतप्पांच्या मागं राहिलेल्या बाई, हातातलं सूप खाली ठेवून म्हणाल्या, "मास्तर, जपून. जिवंतपणी ह्येंनी माझं एक ऐकलं न्हाय. तसबीर झाल्यापासनं बगा, समदं ऐकून घेतेत."

मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तसबीर धोतराच्या फडक्यात गुंडाळून घरी आणली. चार दिवसांत देतो म्हणून सांगितलं, आणि घराला आतून कडी घालून, भर दुपारी, परक्या माणसाच्या खांद्यासमोर बसून राहिलो.

मला हे काम करायचं नव्हतं. मला जिवंत माणसं काढायची होती. तरुणपणी निजामाच्या राजधानीत चार वर्षं काढून मी चित्रकला शिकलो, म्हणजे पहिली दोन वर्षं प्लास्टरचा एक कान काढला आणि पुढची दोन प्लास्टरचा पाय. तो कान कुणा परदेशी देवाचा होता म्हणे. मानवी देहाचं रेखाटन या विषयात मी पहिला आलो, आणि तोवर मी एकही मानवी देह काढलेला नव्हता. मग उस्मानाबादला, म्हणजे सरकारी कागदावर उस्मानाबाद आणि तोंडानं धाराशिव, शाळेत लागलो. पोरांना दौत काढायला शिकवायची. एका वर्षी दौत, दुसऱ्या वर्षी दौत आणि कलम. अशात गल्लीतले बिराप्पा वाणी वारले. आमच्या लोकांत माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. अंग ताठायच्या आत आंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून भिंतीला टेकवून बसवतात, आणि पुरतानाही बसवूनच पुरतात. मान पडू नये म्हणून हनुवटीखालून एक फडकं घेऊन डोक्यावर बांधतात. माणूस असा नटूनथटून बसलेला असतो, घर भरलेलं असतं, आणि पोरांच्या मनात येतं, अप्पांची एक छबी हवी होती. छबीवाला बार्शीला. तो येईपर्यंत थांबायला अप्पांची ना नसते, पण धाराशिवचं ऊन थांबत नाही. कुणीतरी म्हणालं, शाळेतला मास्तर आहे की, दौत बरी काढतो. माझ्यासमोर पहिल्यांदा एक माणूस न हलता बसला होता. मला खोटं बोलायचं नाही; मला आनंद झाला होता.

त्या आनंदाची शिक्षा लगेच मिळाली. चित्र हुबेहूब आलं आणि ते मेलेल्या माणसाचं आलं. फडकं मी वगळलं होतं, डोळे उघडले होते, भिंत काढून टाकली होती, तरी समोर बसला होता तो गेलेला बिराप्पा. कारण मेलेल्या माणसाला वजन असतं, तोल नसतो. त्याचे दोन्ही खांदे सारखे असतात. जिवंत माणसाचे कधीच नसतात. जिवंत माणूस नेहमी कुठंतरी निघालेला असतो, नाहीतर कुठून तरी परतलेला असतो, आणि ते सगळं मानेपासून कोपरापर्यंतच्या वीतभर रेघेत असतं. मी घरी चार दिवस तो कागद घेऊन बसलो. पाचव्या दिवशी जेवून उठलो, हात पुसले, आणि कागदाकडं नीट न बघता एका दमात उजव्या कानापासून कोपरापर्यंत रेघ मारली. बिराप्पा जिवंत झाले. किंचित मान देऊन, उजवा कान पुढं करून, तुमचं बोलणं ऐकत बसले. त्यांच्या घरचे हमसून रडले. म्हणाले, हुबेहूब अप्पा, असंच ऐकायचे सगळ्यांचं. बिराप्पा वाणी गिऱ्हाईक पुरतं बोलायच्या आत पुडी बांधत, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. पण मेलेल्या माणसात सुधारणा झाली तर हरकत कोण घेणार?

त्यानंतर मला सवड मिळाली नाही. वाशीहून बैलगाडी यायची, लोहाऱ्याहून माणूस यायचा. दर वेळी तेच. समोर बसून देह टिपायचा आणि घरी आणून त्याला ती रेघ द्यायची. ती कुठून येते याचा मी विचार केला नाही. विहिरीला पाणी आहे तोवर झऱ्याची चौकशी कोण करतं? सहा-सात वर्षांत या जिल्ह्यातले आमचे सगळे प्रतिष्ठित मयत उजवा कान पुढं करून ऐकू लागले. पाटील ऐकू लागले, आडते ऐकू लागले. जिवंतांनी मात्र माझा धसका घेतला. मास्तरांनी काढला म्हणजे माणूस गेला, यातलं आधी काय आणि नंतर काय हे लोकांच्या डोक्यात उलटंसुलटं झालं. मी एखाद्याच्या चेहऱ्याकडं जरा जास्त बघितलं की तो कासावीस होऊन पानाची चंची काढायचा. न्हावी माझी दाढी करताना आरशातसुद्धा माझ्याशी नजर मिळवत नसे. आजारी माणसाच्या घरावरून जायचं झालं तर मी मागच्या बोळानं जात असे, उगाच घरच्यांची धांदल नको.

शिवगंगा या सगळ्याला हसायची. ती माकणीची, वीरप्पांची थोरली लेक. लहानपणी देवीच्या तापात तिचा डावा कान गेला होता. लग्नाआधी हे आम्हाला सांगितलं नव्हतं आणि लग्नानंतरही तिनं सांगितलं नाही. मला ते सहा महिन्यांनी कळलं. तोवर मी समजत होतो की ही बाई माझं बोलणं फार मन लावून ऐकते. कुणी बोलायला लागलं की ती हातातलं काम थांबवायची, हनुवटी डाव्या खांद्याकडं वळायची, डावा खांदा जरा वर यायचा, उजवा उतरायचा, आणि उजवा कान माणसासमोर यायचा, पुढ्यात ताट सरकवावं तसा. चुलीपुढं बसलेली असताना, भाकरी थापताना, पाण्याची घागर कमरेवर असताना. मी शाळेतलं काहीबाही सांगत जेवायचो आणि ती तशी बसलेली असायची. बारा वर्षं मी त्या खांद्यासमोर जेवलो. त्याच्याकडं कधी बघितलं नाही. ज्याच्यासमोर आपण रोज जेवतो त्याच्याकडं आपण बघतो थोडंच?

एकदा, एकदाच, मी तिला म्हणालो, बस, तुला काढतो. ती परातीतलं पीठ मळत होती. तिनं कान पुढं केला, ऐकलं, आणि पुन्हा पिठाकडं वळून म्हणाली, "मेल्यावर काढालच की, तेबी फुकटात. आत्ताच कशाची घाई?" आम्ही दोघंही हसलो. मला वाटतं, मी जरा जास्तच हसलो.

या गावात रेघ कळणारा माणूस एकच होता, जैनोद्दीन. कचेरीत अर्ज-फिर्यादी लिहायचा, अक्षर असं की न्यायाधीश निकाल द्यायचं विसरून अर्जच वाचत बसत, असं तोच सांगायचा. त्याची बसायची जागा दर्ग्याच्या बोळात, घराच्या ओट्यावर. बोरूची लेखणी, काळी शाई आणि दोन कप चहा. तो माणसांची चित्रं काढत नसे आणि बघतही नसे. त्याच्या धर्मात ते बसत नव्हतं. पण माझ्यावरचा लोभ आणि धर्म यांच्यात त्यानं एक वाट काढली होती. चित्र उलटं करून बघायचं. उलटं केलं की माणूस जातो आणि लिखाण उरतं, असं तो म्हणायचा. सेहेचाळीस सालच्या माघात तो आमच्या घरी आला होता. टेबलावर तीन तसबिरी अर्ध्या-मुर्ध्या पडल्या होत्या. त्यानं तिन्ही फिरवून ठेवल्या आणि एकेक निरखली. शिवगंगेनं दाराआडून चहा पुढं केला, त्यानं खालमानेनं घेतला. मग म्हणाला, "मास्टर, इन तीनों का खांदा एकीच आदमी का है. कौन है ये?"

मी ओशाळलो. इतक्या वर्षांत कुणी चोरी पकडली नव्हती. म्हणालो, हाताला सवय लागली असेल. तो मान हलवत राहिला. "नई मास्टर. आदत में दम नई रहता. ये लकीर सुन रई है." एवढं बोलून तो चहा संपवून गेला. दाराआड शिवगंगा उभी होती, कपाची वाट बघत, मान तशी दिलेली. जैनोद्दीनला ती दिसली नाही, कारण तो अदबीचा माणूस. मला दिसली नाही, कारण मी तिचा नवरा. माझ्या डोक्यात एकच घोळत राहिलं, की आपण एक्केचाळीस माणसांना एकच खांदा विकला. मी कलावंत नाही, मी शिंपी आहे, एकाच मापाचे सदरे शिवणारा. जैनोद्दीन माझी तारीफ करत होता हे कळायला मला तीन वर्षं लागली. आणि माझे दोन्ही कान शाबूत होते.

मी ठरवलं, आता खोटी रेघ मारायची नाही. समोर असेल तेच काढायचं.

पुढच्याच महिन्यात शिवगंगेला ताप आला. विषमज्वर नाही, उतरणीला लागलाय, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि तिसऱ्या दिवशी उतरलाही होता. सकाळी ती उठून भिंतीला टेकून बसली, पेज मागितली. तेवढ्यात येडशीहून माणूस आला. स्टेशनाजवळचे एक व्यापारी गेले होते, टांगा पाठवला होता. जायची गरज नव्हती. नाही म्हणालो असतो तर तो माणूस परत गेला असता आणि जगात काही बिघडलं नसतं. पण माझ्या खिशात नवा निश्चय होता. खरी रेघ मारायची पहिली संधी. नव्या चपला घातलेल्या माणसाला रस्ता दिसतो, घर दिसत नाही. मी कागद गुंडाळत होतो. ती म्हणाली, "आज जायलाच पायजे का? कधी येताल?" मी दारात वाकून वहाणा घालत होतो, तिच्या डाव्या बाजूला. म्हणालो, संध्याकाळच्या आत येतो. ते तिच्या मेलेल्या कानात गेलं. मी वर बघितलं तेव्हा ती उत्तराची वाट बघत होती. हनुवटी डाव्या खांद्याकडं, मान ताणलेली, उजवा खांदा उतरलेला, उजवा कान पुढं. मला कळलं की तिला ऐकू आलेलं नाही. चांगलं कळलं. आत दोन पावलं जाऊन उजवीकडून पुन्हा सांगायचं, एवढंच. टांगेवाल्यानं बाहेर घोड्याला आवाज दिला आणि मी निघालो. तिला ऐकत ठेवून गेलो.

येडशीला मी माझ्या आयुष्यातलं पहिलं प्रामाणिक चित्र काढलं. रामलिंगाच्या डोंगराकडून वारा येत होता, उजेड स्वच्छ होता. व्यापाऱ्यांचे दोन्ही खांदे समान होते, मी समान काढले. घरच्यांना ते विशेष आवडलं नाही, त्यामुळं मला अधिकच बरं वाटलं. परत येताना टांग्यात मी गुणगुणत होतो. हे सांगायला नको होतं, पण कुणाला तरी सांगायला हवं.

गल्लीच्या तोंडाशी गर्दी दिसली तेव्हा सवयीनं माझ्या मनात आलं, इथं कोण गेलं, आपल्याला बोलावणं कसं नाही. मग गर्दीनं मला वाट करून दिली. तिला बसवलेलं होतं. सकाळी ज्या भिंतीला ती टेकली होती त्याच भिंतीला. हिरवं लुगडं, कपाळभर विभूती, हनुवटीखालून पांढरं फडकं, मान अगदी सरळ. दुपारी पुन्हा ताप चढला, तासाभरात खेळ आटोपला, म्हणाले. शेजारच्या इरम्मानं सगळं हातानं केलं होतं. पाट मांडला होता, पाटावर माझी फळी, फळीवर कोरा कागद ताणून लावलेला, आणि शेजारी माझी पेन्सिल छिलून ठेवलेली. तिला पेन्सिल छिलायची सवय नसावी, टोक लांब आणि वाकडं झालं होतं. जंगम स्वामी म्हणाले, घ्या मास्तर, निवांत घ्या, आम्ही थांबतो. कुणाच्या मनात शंका नव्हती. सगळ्या जिल्ह्याला काढणारा माणूस, घरचं माणूस काढणार नाही असं कसं होईल?

मी काढलं. दीड तास लागला. डोळे उघडले, फडकं वगळलं, भिंत पुसली. आणि मग ती जागा आली, कानापासून कोपरापर्यंतची. पेन्सिल आपणहून कललेली मला आठवते. बोटांना माहीत होतं. मी बोटांना थांबवलं. म्हटलं, एक्केचाळीस माणसांना लावलेलं ठिगळ मी हिला लावणार नाही. हिच्याशी तरी खोटेपणा नको. आणि डोळ्यांसमोर होतं तसं, फडक्यानं बांधलेलं, सरळ, दोन्ही बाजूंना सारखं, मी प्रामाणिकपणे काढलं. माकणीहून सासरे वीरप्पा आले होते. त्यांनी कागद हातात धरला, जवळ नेला, लांब नेला. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसून पुन्हा बघितला. मग अगदी हळू, माझा अपमान होऊ नये अशा बेतानं म्हणाले, "चित्र झकास झालंय, पावणं. पण ह्यात आमची पोरगी कुठाय?"

ते चित्र त्यांनी नेलं. लावलं नाही, पेटीत ठेवलं. मला बरंच वाटलं. धाराशिव जिल्ह्यात आमच्या लोकांच्या एवढ्या तसबिरी आहेत, त्यात न ऐकणाऱ्या दोनच. एक येडशीच्या व्यापाऱ्याची आणि एक माझ्या बायकोची. तिच्यानंतर मी कुणाला काढलं नाही. सांगितलं, बोटं आखडतात.

गेल्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. त्याआधी एका बाजूची माणसं जीव मुठीत घेऊन बार्शीकडं पळत होती, त्यानंतर दुसऱ्या बाजूची माणसं घरात दिवा न लावता बसू लागली. जैनोद्दीनच्या ओट्यावर बोरू दिसेनासा झाला. दिवाळी झाल्यावर एका सकाळी तो आणि त्याची बायको हमिदाबी निघाले, येडशीहून छोट्या गाडीनं कुर्डुवाडी आणि तिथून पुढं हैदराबाद. ट्रंकेची एक कडी त्यानं धरली, एक मी. स्टेशनात ती डब्यात चढवली. गाडी हलताना त्यानं खिडकीतून डोकं काढलं. "मास्टर, वो खांदेवाले का पता लगा तो मेरेकू लिखना." मी हो म्हणालो. त्याचा पत्ता विचारायचा राहिला. आता खांद्याचा पत्ता लागला आहे आणि त्याचा नाही.

तर सोमवारपासून हणमंतप्पा माझ्या घरी होते. कोपरा चिकटवायला अर्धा तास लागला. उरलेले तीन दिवस मी चोरी करत होतो. आधी कोरा कागद घेऊन तिला काढायला बसलो. बोटांना सगळं ठाऊक होतं ना, मग घ्या म्हटलं. एक रेघ, दुसरी, वीस, पन्नास. प्रत्येक रेघ सुंदर होती आणि प्रत्येक रेघेला माहीत होतं की ती शिवगंगेची आहे. त्यामुळं एकही ऐकेना. सगळ्या माझ्याकडंच बघत होत्या. जे न कळता एक्केचाळीस वेळा आलं होतं ते कळल्यावर एकदाही आलं नाही. मग कागदावर कागद ठेवून, खिडकीच्या काचेला लावून ती रेघ गिरवली. गिरवलेली रेघ म्हणजे प्लास्टरचा कान. सगळं जागच्या जागी आणि आत कुणी नाही. शेवटी माझ्या मनात पाप आलं. म्हटलं, हणमंतप्पांचं दुसरं चित्र काढावं, कागदाला चहाचं पाणी देऊन जुनं करावं, तेच चौकटीत घालून द्यावं, आणि हे ठेवून घ्यावं. त्यांना मिशा हव्यात, मिशा मिळतील. खांदा माझा आहे. चित्र उत्तम झालं. मिशा पहिल्यापेक्षा भारदस्त. गुरुवारी सकाळी मी ते नेऊन खिळ्यावर टांगलं. सोमलिंग म्हणाला, नव्यासारखं झालं, मास्तर. चहा सांगितला. गौराबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या, तसबिरीसमोर बसल्या आणि रोजच्या सवयीनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं. जरा डावीकडं सरकून बघितलं, जरा उजवीकडं. घरात कुणी रुसून बसलं की आपण पाहतो तशा त्या पाहत राहिल्या आणि मग माझ्याकडं वळल्या. "ह्येंना काय केलंत मास्तर? ह्ये आता ऐकंनात."

सोमलिंग म्हणाला, आई, काहीतरीच. त्या त्याच्याकडं वळल्या नाहीत. मी जीव लावून वाफाळलेला चहा पीत होतो. माणसाला आयुष्यात फार थोड्या वेळा चित्राची खरी पारख करणारा भेटतो. मला दोन भेटले, एकानं कागद उलटा करून बघितला आणि एकीनं त्याच्याशी बोलून. मी म्हणालो, गौराबाई, चूक झाली, हे कच्चं काम तुमच्याकडं आलं. पक्कं घरी राहिलंय. त्या म्हणाल्या, "मग जावा, घेऊन या. म्या हितंच बसते."

घरी गेलो. शिवगंगेला, म्हणजे हणमंतप्पांना, फडक्यात गुंडाळताना मला बराच वेळ लागला. रस्त्यात ऊन होतं. काखेत तसबीर घेऊन चाललेल्या मला बघून समोरून येणारा एक म्हातारा सवयीनं बोळात वळला. मी मनात म्हणालो, भिऊ नका, आता मी कुणाला काढत नाही. आता मी एकीला परत द्यायला चाललोय. गौराबाई खरोखर तिथंच बसलेल्या होत्या. मी कच्चे हणमंतप्पा उतरवले, चौकटीतला कागद बदलला, पक्के टांगले. त्यांनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा सैल पडला. पुढं सरून त्या तसबिरीला हळू आवाजात सांगू लागल्या, की सोमलिंगची बायको बाळंतपणाला जाणार, की म्हैस आटली, की आज मास्तरांनी कशी गंमत केली. हणमंतप्पा ऐकत होते. माझी बायको ऐकत होती. म्हैस आटली हे तिनं इतकं मनापासून ऐकलं की मला राहवलं नाही. मी डोळे पुसायला खिडकीकडं वळलो.

गौराबाईंनी ते बघितलं असावं. त्यांनी काही विचारलं नाही. जुन्या बायका असं विचारत नाहीत. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, सोमलिंगला कसल्याशा कामाला बाहेर धाडलं, आणि आत जाता जाता म्हणाल्या, "तुमाला काय सांगायचं आसंल तर सांगा मास्तर. ह्येंच्याजवळ सांगितलेलं भायेर जात न्हाय."

खोलीत मी आणि ती तसबीर. आधी मी जिथं उभा होतो तिथूनच बोलणार होतो, मग ध्यानात आलं की ती डावी बाजू आहे. फिरून पलीकडं गेलो, उजव्या कानाशी, आणि भिंतीशी खाली बसलो. तीन वर्षं मी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं, चांगलं लांबलचक, त्यात टांगा होता, येडशी होतं, निश्चय होता, सगळी कारणं होती. वर बघितलं. मान ताणलेली, खांदा उतरलेला. अजून वाट बघत होती. कारणं ऐकायला कुणी एवढा वेळ मान देऊन बसत नाही. तिनं कारण विचारलंच नव्हतं. कधी येताल, एवढंच विचारलं होतं.

"आलो गं," मी म्हणालो.

आत गौराबाईंनी भांडी जरा जास्तच जोरात वाजवायला घेतली होती.